टीप क्रमांक चार

त्यांचं आडनाव चुळबुळे नव्हतं. पण महापालिकेच्या पूल विभागात तेहेतीस वर्षं एकाही खुर्चीवर सलग दहा मिनिटं न टेकल्यामुळे ते त्यांना मिळालं आणि असं चिकटलं, की टपालाचं काम बघणारी नवी मुलगी पाकिटावरचं खरं नाव वाचून "हे कोण?" म्हणून मजलाभर विचारत फिरली होती. उठायचं, खिडकीपाशी जायचं, खालच्या चौकातल्या मोटारी मोजायच्या, परत यायचं, टोक असलेल्या पेन्सिलीला पुन्हा टोक काढायचं आणि परत उठायचं. साहेब म्हणायचे, "चुळबुळे, तुम्हाला खुर्चीचं वावडं आहे का हो?" त्यावर चुळबुळे म्हणायचे, "साहेब, बसून मोजता येत नाही," आणि साहेब मान खाली घालून कागद वाचायला लागायचे.

मोजणं हाच त्यांचा पेशा. चोविसाव्या वर्षी नोकरीला लागले ते थेट पुलाच्या तोंडाशी. हातात पाटी, पाटीवर चाप लावलेला तक्ता आणि तक्त्यात सहा रकाने: ट्रक, बस, मोटार, मोटारसायकल, सायकल, पादचारी. समोरून जे जाईल त्याची त्याच्या रकान्यात उभी रेघ. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. सकाळी सहापासून संध्याकाळी आठपर्यंत. ज्याला सगळ्या जगाने कंटाळवाणं म्हणावं असं हे काम चुळबुळ्यांच्या अंगाला असं काही बसलं, की लग्न करायचं राहूनच गेलं. त्यांची धाकटी बहीण त्यांच्याबरोबर राहायची. तिचंही राहून गेलं होतं. कोणामुळे कोणाचं राहिलं असं कुणी विचारलं, तर दोघं एकमेकांकडे बोट दाखवून मोकळी व्हायची.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी ती गोष्ट घडली. पुलावरून एक माणूस सायकल हातात धरून चालत आला. शेजारी उभ्या सहकाऱ्याची पेन्सिल हवेतच राहिली. "अरे, ह्याला कुठे टाकू? सायकलीत की पादचाऱ्यांत?" चुळबुळे मोटारींवरची नजर न हलवता म्हणाले, "पायाकडे बघ. पाय जमिनीवर, तो पादचारी." त्याच वेळी तेव्हाचे मोठे साहेब तपासणीला आले होते. त्यांनी ते ऐकलं आणि ते खूश झाले. पुढच्या छपाईला तक्त्याच्या पाठीमागे टीप क्रमांक चार आली: 'ज्याचे पाय जमिनीवर, तो पादचारी समजावा.' चुळबुळ्यांचं आयुष्यात छापून आलेलं हे एकुलतं एक वाक्य. त्यांनी तो तक्ता घरी नेऊन आईला दाखवला होता. आईला वाचता येत नव्हतं, पण तिने त्या ओळीवरून बोट फिरवलं आणि शेजारणीला बोलावून आणलं.

तेव्हापासून मोजणीला येणाऱ्या प्रत्येक तुकडीला चुळबुळे स्वतः शिकवत. "शंका आली की पायाकडे बघायचं. तोंडाकडे नाही, हाताकडे नाही. आणि आपलं डोकं चालवायचं नाही. डोकं चालवलं की मोजणी बिघडते." शे-सव्वाशे माणसं त्यांच्या हाताखालून गेली, आणि त्यांच्यातल्या एकानेही कधी डोकं चालवलं नाही.

आता तो पूल पाडून नवा बांधायचा ठरला होता. चुळबुळ्यांच्या निवृत्तीला चार महिने होते. शेवटची मोजणी त्यांनीच करून दिली, सही केली, आणि त्यावर इंजिनीअरबाईंनी आराखडा काढला. ह्या इंजिनीअरबाई विभागात नव्या होत्या. वयाने लहान, पण टेबलावर नकाशा पसरला की साहेबसुद्धा चहाचा कप उचलून धरत, इतका त्यांचा दरारा. त्यांनी चुळबुळ्यांना बोलावलं.

"सर, सायकलींचा आकडा सत्त्याऐंशीच आहे? दिवसभराचा?"

"सत्त्याऐंशीच."

"पाचशेच्या वर गेला असता तर नियमाने वेगळी मार्गिका द्यावी लागली असती. सत्त्याऐंशीला कोण देणार?"

"आकडा आहे तो आहे, मॅडम."

"मला वाटलं होतं जास्त निघेल," त्या म्हणाल्या आणि नकाशा गुंडाळायला लागल्या. चार पदरी रस्ता, दोन्ही कडांना पादचाऱ्यांसाठी पदपथ, बस्स. शुक्रवारी समितीची बैठक होती. तिथे आराखड्यावर शिक्का बसला, की पुढची ऐंशी वर्षं तो पूल तसाच राहणार होता.

सोमवारी संध्याकाळी जेवताना चुळबुळ्यांनी हे सहज बोलण्याच्या ओघात धाकटीला सांगितलं. धाकटी हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात होती. एकोणीस वर्षं रोज सायकलने पूल ओलांडून पलीकडे जायची. सत्त्याऐंशी म्हटल्यावर तिला ठसकाच लागला.

"सत्त्याऐंशी? अरे दादा, आमच्या हॉस्पिटलच्या मागे सकाळच्या पाळीला तेवढ्या सायकली उभ्या असतात! आणि सगळ्या ह्या बाजूच्या."

"मग त्या उडत जात असतील. मी डोळ्यांनी मोजल्यात."

"पुलावर सायकलवर बसतं कोण पण? मागून ट्रक अंगावर येतो, मधल्या लोखंडी पट्टीच्या फटीत चाक अडकतं. उतरून हातात धरून चालतात सगळे. तुम्हीच पाटी लावलीय ना दोन्ही टोकांना? 'सायकलस्वारांनी उतरून जावे' म्हणून?"

पाटी होती खरी. सायकली फारशा नाहीतच, मग उतरून गेल्या तर कुणाचं काय बिघडतं, असा विचार करून अठरा वर्षांपूर्वी विभागानेच ती लावली होती. सायकली फारशा नाहीत हे ठरलं होतं चुळबुळ्यांच्या आकड्यावरून.

"उतरून चालले तर ते पादचारी," चुळबुळे म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून श्वासासारखं यायचं.

धाकटीने घास खाली ठेवला. "म्हणजे मी पादचारी?"

"पुलावर, हो."

"आणि घरापासून पुलापर्यंत मी कोण असते? आणि पुलापासून हॉस्पिटलपर्यंत?" तिला आता खरंच राग आला होता. "गेल्या मोजणीला मी तुझ्यासमोरून गेले. हात केला. तू माझ्याकडे बघितलंस, हसलास, आणि रेघ ओढलीस. ती पादचाऱ्यांत ओढलीस?"

चुळबुळ्यांनी पाण्याचा तांब्या इकडचा तिकडे केला. रेघ तिथेच ओढली होती. धाकटी उठून टेबलाला धरत धरत मोरीकडे गेली. गेलं वर्षभर तिचा उजवा गुडघा सुजत होता. डॉक्टर म्हणाले होते, सायकल खुशाल चालवा, पण वजन ढकलत चालू नका. पुलाची लांबी सहाशे चाळीस मीटर. जाताना सहाशे चाळीस, येताना सहाशे चाळीस. चुळबुळ्यांना हे दोन्ही आकडे पाठ होते आणि त्यांची बेरीज त्यांनी आजवर कधी केली नव्हती.

मंगळवारी कचेरीत त्यांच्या पायाला भिंगरी लागली. खिडकी, टेबल, जिना, पुन्हा खिडकी. जुन्या मोजण्यांचे गठ्ठे काढले, नुसते चाळले आणि परत बांधले. दर दोन वर्षांनी पादचारी वाढत गेले होते आणि सायकली घटत गेल्या होत्या. त्यांनीच एका अहवालात लिहिलं होतं, 'नागरिकांत चालण्याची आवड वाढत आहे.' ते वाक्य त्यांनी उभ्या उभ्या दोनदा वाचलं.

बुधवारी त्यांनी रजा टाकली आणि पहाटे सहाला दोन हातांत अंगठ्याने दाबून मोजायचे दोन काउंटर घेऊन पुलाच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. डाव्या हाताचा बसून जाणाऱ्यांना, उजव्या हाताचा उतरून जाणाऱ्यांना. सव्वासहापासूनच उजव्या हाताचा अंगठा थांबेना. शाळेत झाडू मारणारे, भट्टीवरचे पाववाले, अंगात हिरवे डगले घातलेल्या नर्सबाया, डब्यांच्या पिशव्या लटकवलेले कारखान्यातले लोक. सगळे पाटीपाशी आले की उतरत, सायकल पदपथावर चढवत आणि एकामागे एक ढकलत जात. समोरून माणूस आला की सायकल कठड्याला चिकटवून पोट आत घेऊन उभे राहत. चुळबुळ्यांना हे सगळे चेहरे ओळखीचे होते. तीस वर्षं त्यांच्या पायांकडेच बघत आलो आहोत, हे त्यांना तिथे उभ्या उभ्या कळलं.

पावणेसातला धाकटी आली. डाव्या पायावर भार देत, हँडलला रेलत. भाऊ रजा टाकून इथे उभा आहे हे तिला ठाऊक नव्हतं. ती थबकली, त्याच्या दोन्ही हातांतल्या काउंटरकडे बघितलं आणि म्हणाली, "उजव्यात की डाव्यात?"

"उजव्यात."

"दाब मग. कामाला उशीर होतोय." आणि ती पुढे गेली.

संध्याकाळी आठ वाजता डावा काउंटर ब्याण्णव दाखवत होता. उजवा तेराशे बारा.

गुरुवारी सकाळी हे दोन आकडे कागदावर लिहून ते साहेबांसमोर उभे राहिले. साहेब माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला शांतता फार प्रिय होती.

"चुळबुळे, चार महिने राहिलेत. हा उद्योग कशाला?"

"साहेब, मार्गिका द्यावी लागेल. पाचशेच्या कितीतरी वर आहेत."

"सायकली सत्त्याऐंशी आहेत. खाली तुमची सही आहे. आणि हे तेराशे नियमाप्रमाणे पादचारी आहेत. नियम कुणाचा आहे?"

"माझा."

"मग उद्या समितीपुढे काय सांगणार? माझाच नियम चुकला? ते विचारतील, ह्या पुलावर चुकला तर बाकीच्या पुलांवर काय? चौकांत काय? तीस वर्षांचे कागद उघडायला लावतील. तुमचं काय, तुम्ही निघून जाल. निस्तरायचं मी." साहेबांनी कागद त्यांच्याकडे सरकवला. "घरी जा, शांत बसा जरा."

शांत बसा! चुळबुळे तिथून निघाले ते तीन जिने उतरले, तीन जिने चढले आणि इंजिनीअरबाईंच्या टेबलापाशी आले. बाईंनी आकडे दोनदा वाचले. मग पट्टी घेतली आणि नकाशावर रेघा मारायला लागल्या. मोटारींचा प्रत्येक पदर अर्ध्या मीटरने कमी केला की चार पदरांचे दोन मीटर सुटतात. दोन्ही पदपथांतून अर्धा अर्धा घेतला की तीन. म्हणजे दोन्ही बाजूंना दीड दीड मीटरची मार्गिका बसते, पूल तसूभरही रुंद न करता.

"बसते!" बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकत होते. "पण सर, नुसता आकडा मी ठेवला तर ते उडवून लावतील. नियम चुकीचा होता हे नियम करणाऱ्यानेच सांगायला हवं. लेखी, आणि तोंडी. सांगाल?"

चुळबुळ्यांना नाही म्हणायचं होतं. अगदी मनापासून. निवृत्तीच्या दिवशी कुणीतरी उठून त्या टिपेचं कौतुक करेल, असं त्यांनी कितीदा मनात रंगवलं होतं. समितीपुढे त्यांनीच शिकवलेली माणसं मागे भिंतीला टेकून उभी असणार होती. त्यांच्या देखत स्वतःच्या हाताने ते वाक्य पुसायचं म्हणजे तेहेतीस वर्षांत आपण काय केलं, हा प्रश्न सगळ्यांसमोर उघडा टाकायचा. त्यांनी बाईंच्या टेबलावरची पेन्सिल उचलली, टोक बघितलं, खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"लिहितो," ते म्हणाले.

शुक्रवारी बैठकीत ते कागद हातात घेऊन उभे राहिले. लिहिलेलं बाजूलाच राहिलं. "मी पाय बघितले," एवढंच त्यांना पहिल्यांदा सुचलं. समितीचे अध्यक्ष म्हणाले, "मोठ्याने बोला." मग ते बोलले. कुणी हसलं नाही, कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. भिंतीशी उभ्या माणसांनी माना खाली घातल्या होत्या, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. अध्यक्षांनी साहेबांकडे बघितलं, साहेबांनी छताकडे. शेवटी ठरलं, की मार्गिका आराखड्यात तात्पुरती घ्यायची, टीप बदलायची आणि पुढच्या आठवड्यात तीन दिवस रीतसर फेरमोजणी करायची. आकडा टिकला तर मार्गिका कायम. बदललेली टीप तिथल्या तिथे चुळबुळ्यांकडूनच लिहून घेतली: 'सायकल हातात धरून चालणारी व्यक्ती सायकल या रकान्यात धरावी.'

मग कुणीतरी कामाचं वेळापत्रक वाचून दाखवलं. रहदारी न थांबवता अर्धा अर्धा पूल बांधायचा, म्हणजे पूर्ण व्हायला पाच वर्षं. चुळबुळ्यांच्या डोक्यात वजाबाकी आपोआप झाली. धाकटी चोपन्न वर्षांची होती. अठ्ठावन्नाला निवृत्त.

घरी पोचेपर्यंत त्यांनी हे सांगायच्या चार तऱ्हा ठरवल्या आणि मोडल्या. धाकटी गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी धरून बसली होती. त्यांनी आधी मार्गिकेचं सांगितलं. ती हसली, अगदी लहानपणी हसायची तशी. मग विचारलं, "कधी होणार?"

"पाच वर्षं."

पिशवीतलं पाणी तेवढं डुचमळलं. "मग मला काय करायचाय तो पूल?" ती म्हणाली.

"तुझ्यामुळे झालं हे. बाकीच्यांना..."

"बाकीच्यांचं सांगू नकोस मला!" ती एवढ्या जोरात कधी बोलत नसे. "एकोणीस वर्षं मी सायकल ढकलतेय, दादा. ह्या इथे, ह्याच टेबलाशी बसून तू मला मोजणीचे किस्से सांगायचास. इतके ट्रक गेले, तितक्या बसगाड्या गेल्या. एकदा तरी विचारायचं होतंस, तू कशी जातेस गं पुलावरून? पाटी हातात घेऊन सगळ्या गावाला मोजायला गेलास. मी घरातच होते."

चुळबुळे उभेच होते. "चुकलं माझं," ते म्हणाले. "फार चुकलं." पण त्याने धाकटीचा गुडघा काही बरा होणार नव्हता, आणि तिने तसं दाखवलंही नाही. ती पिशवीतलं पाणी बदलायला उठली.

सोमवारी फेरमोजणी सुरू झाली. चुळबुळ्यांना त्यातून मुद्दाम वगळलं होतं. ज्याची चूक त्यानेच तपासायची नाही, असं साहेबांचं म्हणणं, आणि ते बरोबर होतं. पण घरी जीव थाऱ्यावर राहीना. धाकटी कामावर जायला सायकल काढायला लागली, तसे ते चपला घालून मागोमाग निघाले.

"तू कुठे?"

"पुलापर्यंत. ढकलायला."

ती सायकलवर बसली आणि त्यांच्या चालीने सावकाश चालवत राहिली. पाटीपाशी ती उतरली आणि त्यांनी हँडल हातात घेतलं. सायकल त्यांच्या कल्पनेपेक्षा जड निघाली. धाकटी पलीकडून मोकळ्या हातांनी, जरा लंगडत पण सावकाश चालत होती. मधल्या लोखंडी पट्टीवर चाक अडकलं तेव्हा त्यांनी ते उचलून पलीकडे ठेवलं. "रोज असंच करावं लागतं होय गं?" त्यांनी विचारलं. "दोनदा," ती म्हणाली, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा तिच्या आवाजातली धार थोडी बोथट झाल्यासारखी वाटली.

पुलाच्या पलीकडच्या टोकाला मोजणीवाली उभी होती. जाड भिंगाचा चष्मा, दोन वर्षांपूर्वी चुळबुळ्यांनीच शिकवून तयार केलेली. त्यांच्या सगळ्या तुकड्यांत हिच्याइतकं काटेकोर कुणी नव्हतं. दोघांना येताना बघून तिचा अंगठा काउंटरवर अधांतरी थांबला. तिने तक्ता उलटा करून मागची टीप वाचली, पुन्हा ह्यांच्याकडे बघितलं.

"सर, टिपेप्रमाणे सायकल तुमच्या हातात आहे. म्हणजे तुम्ही सायकलमध्ये."

"बरोबर."

"आणि ह्या ताई पादचारी."

चुळबुळ्यांनी तोंड उघडलं. मोजणीच्या मध्ये मोजणाऱ्याशी बोलायचं नाही, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. त्यातून आज एक शब्द जास्त बोलले असते तर फेरमोजणीत ढवळाढवळ केली म्हणून सगळा आकडाच बाद झाला असता. ते तसेच हँडल धरून उभे राहिले. मोजणीवाली अंगठा खाली आणू लागली.

"थांब," धाकटी तिला म्हणाली.

तिने भावाच्या हातातून सायकल घेतली, तोंड फिरवलं, आणि दुखऱ्या पायावर भार देत ती पुलावरून माघारी चालायला लागली. वीस-पंचवीस पावलं मागे गेली, सायकल वळवली, आणि हँडलला रेलत, ढकलत, पुन्हा एकटीच मोजणीवालीच्या दिशेने येऊ लागली.